दुसऱ्याच्या आयडीवर चालणारा गेम आणि तुमचे बावीसशे रुपये

प्रश्न : मी लालबागला राहते आणि चार-पाच दुकानदारांचे हिशेब व जीएसटीचे काम घरच्या कॉम्प्युटरवर करते. दिवाळीच्या सुट्टीत, दहावीतल्या मुलाच्या हट्टापायी लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून ‘जीटीए फाइव्ह’ हा गेम घेतला. ‘ओरिजिनल आहे, बाहेरपेक्षा स्वस्तात देतो’ असे सांगून दुकानदाराने २,२०० रुपये यूपीआयने घेतले. दुकानातला मुलगा घरी आला, अँटिव्हायरस बंद करून त्याने हार्ड डिस्कवरून गेम उतरवला, स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाचा कुठलासा आयडी-पासवर्ड टाकला आणि ‘गेम ऑफलाइनच चालवा’ असे बजावले. एकोणिसाव्या दिवशी गेम सुरूच होईना. पासवर्ड बदललेला होता. एकविसाव्या दिवशी मी व्हॉट्सॲपवर कळवून पैसे परत मागितले. दुकानदार आधी म्हणाला की सरकारने गेमवर बंदी आणली आहे. मग म्हणाला की आणखी ५०० रुपये दिल्यास नवा आयडी देतो. मी ऐकले नाही तेव्हा त्याने चिठ्ठीवरचे ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे वाक्य दाखवले आणि ‘तक्रार केलीत तर पायरसीत तुम्हीच अडकाल’ असे सुनावले. यजमान म्हणतात, सोडून दे. पैसे परत मिळतील का? आणि मी खरेच अडकेन का?

उत्तर : पैशांचा प्रश्न तुम्ही आधी विचारला असला तरी तुमची झोप उडवली आहे ती दुसऱ्या प्रश्नाने, हे पत्रावरून दिसते, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. कॉम्प्युटर प्रोग्रॅमला आपल्याकडे कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार साहित्यकृतीसारखेच संरक्षण आहे आणि गेम हाही एक प्रोग्रॅमच आहे. या कायद्याच्या कलम ६३ बी मध्ये अशा प्रोग्रॅमची बेकायदा प्रत कॉम्प्युटरवर वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते कमाल तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. हे आकडे वाचून घाबरून जाण्याआधी त्या कलमातील एक शब्द पाहावा. शिक्षा आहे ती ‘जाणीवपूर्वक’ वापर करणाऱ्याला. दुकानात जाऊन, ‘ओरिजिनल’ आहे असे ऐकून, आपल्या बँक खात्यातून उघडपणे पैसे देऊन घेतलेला गेम तुमच्या मुलाने खेळला, त्या दिवसांत तुम्हाला ही जाणीव होती असे म्हणणे कठीण आहे. शिवाय नफ्यासाठी किंवा धंद्यात वापर झाला नसेल, तर पुरेशी आणि खास कारणे निकालपत्रात नोंदवून कैद न देण्याची आणि केवळ ५० हजारांपर्यंत दंड करण्याची मुभा न्यायालयाला त्याच कलमाने दिली आहे. तुमच्या कॉम्प्युटरवर हिशेबाचे काम चालते म्हणून गेमचा वापरही धंद्यातला ठरत नाही. तो खेळण्यासाठी होता आणि खेळण्यापुरताच राहिला.

मात्र ही ढाल कायमची नाही, आणि मला तुम्हाला मुख्यतः हेच सांगायचे आहे. पासवर्ड बदलला, दुकानदाराने ‘नवा आयडी’ देऊ केला आणि पायरसी हा शब्द त्याने स्वतःच उच्चारला, त्या क्षणापासून तुम्ही अजाण ग्राहक राहिलेल्या नाही. आता ५०० रुपये देऊन दुसऱ्या कुणाचा आयडी घेतलात, तर आज तुमच्या बाजूने असलेला तो एक शब्द उद्या तुमच्या विरोधात जाईल. असे आयडी कित्येकदा चोरलेल्या खात्यांचे असतात, आणि दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ सी नुसार तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड असलेला स्वतंत्र गुन्हा आहे. म्हणून ते ५०० रुपये देऊ नका, आणि गेम एखाद्या युक्तीने पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न मुलालाही करू देऊ नका.

तुम्ही नेमके काय विकत घेतले, हेही स्पष्ट व्हायला हवे. स्टीम ही अमेरिकेतील व्हॉल्व्ह कंपनीची सेवा आहे. तिथे पैसे भरणाऱ्याला गेमची मालकी मिळत नाही, तर आपल्या खात्यातून तो खेळण्याचा परवाना मिळतो. आणि ते खाते विकणे किंवा पैसे घेऊन दुसऱ्याला वापरायला देणे यास कंपनीच्या अटींनुसार मनाई आहे. दुकानदाराने एका खात्यावर गेम घेऊन, किंवा कुठून तरी असे खाते मिळवून, तेच खाते अनेक घरांत ऑफलाइन उघडून दिले असावे. ऑफलाइन राहण्याची सक्ती त्यासाठीच होती, कारण एकच खाते दोन ठिकाणी ऑनलाइन आले की बिंग फुटते. या धंद्याला बाजारात ‘ऑफलाइन ॲक्टिव्हेशन’ असे भारदस्त नाव आहे. दुसरी शक्यता अशी की गेमचे कुलूपच तोडलेले असेल, म्हणजे फाइल क्रॅक केलेल्या असतील. तसे असल्यास, हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक संरक्षण मोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगणारे कॉपीराइट कायद्याचे कलम ६५ ए दुकानदाराला लागू होईल. दोन्हींपैकी काहीही खरे निघाले तरी जो परवाना त्याच्याकडे विकण्यासाठी नव्हताच, तो त्याने तुम्हाला विकला, ही गोष्ट बदलत नाही.

तुमच्या दाव्याचा पाया हाच आहे. मालविक्री कायदा, १९३० च्या कलम १४ नुसार विक्रेत्याला तो माल विकण्याचा अधिकार आहे, ही प्रत्येक विक्रीतील गृहीत अट असते आणि ती मोडली तर खरेदीदाराला व्यवहार नाकारता येतो. सॉफ्टवेअर हा ‘माल’ कसा, असा मुद्दा दुकानदाराच्या वकिलाने काढल्यास, टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश सरकार या २००४ च्या विक्रीकराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने माध्यमावर उतरवून विकलेले सॉफ्टवेअर हा मालच ठरवला आहे, हे उत्तर तयार ठेवावे. तरीही या वादात फार शिरण्याचे कारण नाही, कारण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ सदोष माल आणि सदोष सेवा या दोहोंना लागू होतो आणि घरी येऊन गेम बसवून देणे ही सेवा होतीच. ‘या बाई व्यवसाय करतात, त्या ग्राहक नाहीत’ हा बचावही टिकणार नाही. गेम व्यवसायासाठी घेतलेला नव्हता, आणि खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणारी व्यक्तीही ग्राहकाच्या व्याख्येत येते. त्यामुळे पैसे आईने दिले आणि खेळला मुलगा, याने काहीही बिघडत नाही.

आता त्या चिठ्ठीवरच्या प्रसिद्ध वाक्याविषयी. आपल्याकडे ते दुकानाच्या पाटीपासून साडीच्या पिशवीपर्यंत सगळीकडे छापलेले असते आणि छापले म्हणून ते कायदा झाले, असा विक्रेत्यांचा समज असतो. २०१९ च्या कायद्यातील कलम २(४७) नुसार सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसल्यास तीस दिवसांत, नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. तुमच्या चिठ्ठीवर मुदत नाही, म्हणून तीस दिवस धरायचे. आणि तुम्ही पैसे मागितले ते एकविसाव्या दिवशी. तो व्हॉट्सॲप संदेश हा तुमच्याजवळचा सर्वांत मोलाचा पुरावा आहे, तो चुकूनही पुसला जाऊ देऊ नका. रीतसर बिल न देणे हीदेखील याच कलमाखाली अनुचित प्रथा आहे, हे ओघाने सांगतो. मनाला आवडले नाही किंवा मुलाला कंटाळा आला, एवढ्यावर माल परत घ्यायला दुकानदार बांधील नसतो, हे मात्र खरे. तुमची तक्रार तशी नाही.

सरकारने गेमवर बंदी आणल्याची सबब ऐकून मला दुकानदाराच्या हजरजबाबीपणाचे कौतुक वाटले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. एकदा किंमत भरून घरी खेळायच्या, पैजेचा संबंध नसलेल्या गेमला तो बंदी घालत नाही, आणि तुमचा गेम कुणीतरी पासवर्ड बदलल्यामुळे बंद पडला आहे.

‘तुम्हीच अडकाल’ या धमकीमागे थोडा कायदेशीर विचार असलाच, तर तो असा की बेकायदा व्यवहारातील दोन्ही पक्ष सारखेच दोषी असतील तर न्यायालय कुणालाही मदत करत नाही. येथे दोष सारखा नाही. एकाने खोटे सांगितले आणि दुसऱ्याने त्यावर विश्वास ठेवला. करार कायदा, १८७२ च्या कलम ६५ नुसार करार रद्दबातल असल्याचे मागाहून आढळले, तर त्याखाली मिळालेला लाभ परत करणे घेणाऱ्यावर बंधनकारक असते. अडकण्याची धास्ती खरे तर त्याला असायला हवी, कारण बेकायदा प्रती विकणाऱ्याला कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षे कैद आहे आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये निट प्रो प्रकरणात स्पष्ट केले आहे.

पुढचे पाऊल म्हणजे एक साधी नोटीस. तिला वकिलाची गरज नाही. खरेदीची तारीख, रक्कम, ‘ओरिजिनल’ हे आश्वासन, गेम बंद पडल्याची तारीख, तुमचा संदेश आणि त्याचा नकार, एवढे लिहून पंधरा दिवसांत २,२०० रुपये परत करण्याची मागणी करा आणि ते पत्र स्पीड पोस्टाने पाठवून पोचपावती जपून ठेवा. एक पथ्य कटाक्षाने पाळा : ‘पैसे द्या, नाहीतर पोलिसांत जाते’ असे वाक्य त्यात लिहू नका. फौजदारी तक्रार करण्याचा हक्क तुम्हाला आहे, पण पैसे काढून घेण्यासाठी तिचा धाक दाखवला की समोरचा खंडणीचा कांगावा करू शकतो. ‘ग्राहक आयोगात दाद मागेन’ असे लिहिण्यात काहीच गैर नाही.

त्याच काळात १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी; पुष्कळदा एवढ्यावरही दुकानदार नरम येतो. नाहीच आला तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करता येईल. तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगात तक्रार करण्याची सोय २०१९ च्या कायद्याने केली आहे, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि तक्रार ऑनलाइनही दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची आहे. रकमेबरोबर व्याज, मनस्तापाची भरपाई आणि खर्चही मागा. कायद्याने तपासणीची गरज नसलेल्या तक्रारींचा निकाल तीन महिन्यांत अपेक्षित धरला आहे. प्रत्यक्षात तारखा पडतात आणि वेळ अधिक लागतो, हे मी लपवणार नाही. तुमचे यजमान ‘सोडून दे’ म्हणतात त्यात तेवढे तथ्य आहे. माझे मत विचाराल तर नोटीस आणि हेल्पलाइन या दोन पायऱ्या नक्की चढाव्यात, कारण त्यांना खर्च जवळपास नाही. आयोगाचा निर्णय त्यानंतर घ्यावा. अर्ज लिहिताना अडले तर मुंबई ग्राहक पंचायतीचे मार्गदर्शन घेता येईल.

बावीसशे रुपयांहून मला मोठी काळजी वाटते ती तुमच्या कॉम्प्युटरची. एका अनोळखी मुलाने अँटिव्हायरस बंद करून त्यावर हार्ड डिस्क लावली आणि त्याच यंत्रावर दुकानदारांचे हिशेब, जीएसटीचे लॉगिन आणि कदाचित तुमचे नेटबँकिंगही आहे. आजच दुसऱ्या एखाद्या यंत्रावरून हे सर्व पासवर्ड बदला. चूक दाखवणाऱ्या पडद्याचे, त्या आयडीचे आणि गेमच्या फोल्डरचे तारखेसह फोटो काढा, यूपीआयची नोंद आणि ती चिठ्ठी जपून ठेवा, आणि हे झाल्यावरच माहितगाराकडून गेम काढून टाकून यंत्र तपासून घ्या. आधी साफसफाई केलीत तर पुरावाही केरात जाईल. गेमच्या त्या आयडीचा पासवर्ड कुणाला पाठवू नका. एखाद्या खात्यातून पैसे गेल्याचे दिसले, तर विलंब न लावता १९३० या सायबर हेल्पलाइनला आणि बँकेला कळवा.

मुलाला गेम घेऊन द्यायचाच असेल तर स्टीमवर किंवा प्रकाशकाच्या स्वतःच्या दुकानातून, तुमच्या नावाच्या खात्यावर घ्या. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, व्यक्तीचा करार रद्दबातल असतो, हे ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये मोहोरीबीबी खटल्यात ठरवून टाकले आहे, म्हणून मुलाच्या नावाने व्यवहार नको. स्टीमवर खरेदीपासून चौदा दिवसांत आणि खेळण्याचे दोन तास भरण्याआधी मागितल्यास पैसे सामान्यतः परत मिळतात, त्यामुळे तुमच्या यंत्रावर गेम नीट चालतो की नाही हे पहिल्याच दिवशी पाहून घ्या. या गेमला शंभर जीबीच्या आसपास जागा लागते. आणि वकील म्हणून नव्हे, तर एक बाप म्हणून सांगतो, युरोपच्या पेगी या वर्गीकरणात हा गेम अठरा वर्षांवरील खेळाडूंसाठी आहे आणि तुमचा मुलगा दहावीत आहे.