वाम आली कुठून?

प्रश्न एका अनुवादिकेचा आहे. समुद्रतळाशी राहणाऱ्या माशांवरच्या माहितीपटाची मराठी उपशीर्षकं त्या लिहीत आहेत. मोरे ईल, स्नेक ईल, कस्क ईल, ईलपाउट आणि एका प्रसंगात इलेक्ट्रिक ईल अशी सापासारख्या लांबट माशांची त्यांची यादी आहे. या सगळ्यांना 'वाम' म्हटलं तर चालेल का, एवढंच त्यांना हवंय. शेवटी एक ओळ जोडली आहे: 'वाम म्हणजे डावा, वाकडा, हा मासा वाकडातिकडा पोहतो म्हणून त्याचं नाव वाम, असं वाचलंय. बरोबर ना?'

बरोबर नाही. यादीकडे नंतर येतो, आधी हे वाकडं प्रकरण मिटवू. पाककृतींच्या व्हिडिओंपासून मासळीबाजाराची ओळख करून देणाऱ्या लेखांपर्यंत ही व्युत्पत्ती सतत कानावर पडते आणि दर वेळी तळपायाची आग मस्तकात जाते. वळवळत पोहणारे मासे शेकड्यांनी आहेत, मग हे नाव एकाच माशाला का चिकटलं? सारख्या उच्चाराचा संस्कृत शब्द दिसला की उचलायचा आणि त्याभोवती गोष्ट रचायची, याला व्युत्पत्ती म्हणत नाहीत. मराठीला स्वतःचे ध्वनिनियम आहेत, ते आधी विचारात घ्यायला हवेत.

तोंडोतोंड चालत आलेल्या मराठी शब्दांत दोन स्वरांमध्ये एकटा 'म' सापडला की त्याचा 'व' होतो. ग्रामचं गाव झालं, नामचं नाव, कोमलचं कोवळा, आमलकचं आवळा, श्यामलचं सावळा. डाव्या बाजूचा 'वाम' याच वाटेने आला असता तर त्यातला 'म' टिकला नसता. हिंदीत तो टिकलेला नाहीच, तिथे त्याचं 'बायाँ' झालं. आपल्याकडे हा अर्थ वाममार्ग, वामकुक्षी अशा पोथीतून उतरलेल्या शब्दांतच राहिला. माशाचं नाव हे भोयांच्या आणि कोळणींच्या तोंडचं. ते पोथीतून उचललेलं असेल यावर विश्वास ठेवायला मला काही कारण दिसत नाही.

'म' टिकला, त्या अर्थी मुळात तो एकटा नव्हता. कर्मचं प्राकृतात कम्म झालं आणि मराठीत काम. घर्मचं घम्म, मग घाम. चर्मचं चम्म, मग चाम. आता त्याच पायऱ्यांनी 'वाम'पासून मागे उतरा. वाम, वम्म आणि मग 'वर्म' अशा रूपाचं काहीतरी. तसा शब्द संस्कृतात आहे आणि तो माशाचंच नाव आहे: वर्मि.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, खाण्यापिण्याचे पदार्थ सांगणाऱ्या ४६व्या अध्यायात, माशांचे दोन वर्ग केले आहेत, नादेय आणि सामुद्र, म्हणजे नदीतले आणि समुद्रातले. नदीतल्यांच्या यादीत रोहित आहे, पाठीन आहे, राजीव आहे आणि त्यांच्या पंगतीला वर्मि आहे. मोनिअर-विल्यम्सने १८९९च्या संस्कृत-इंग्रजी कोशात 'वर्मि'पुढे 'एक मासा, ज्याला सामान्यतः वामि म्हणतात' असा अर्थ दिला आणि तिथेच थांबला. इतक्या जवळ येऊन थांबावं याचं मला वाईट वाटतं.

वर्मिमधल्या शेवटच्या ऱ्हस्व 'इ'ने मराठीत काय केलं ते बघा. संस्कृतात अग्नि पुल्लिंगी, मराठीत आग स्त्रीलिंगी. ग्रंथि पुल्लिंगी, गाठ स्त्रीलिंगी. कुक्षि पुल्लिंगी, कूस स्त्रीलिंगी. इकारान्त पुल्लिंगी शब्दांची शेवटची 'इ' गळाली आणि जाताना शब्दाचं लिंग बदलून गेली. वर्मि पुल्लिंगी, आणि बाजारात आपण 'ती वाम' म्हणतो, 'ताजी वाम आहे का' असं विचारतो. डाव्या-वाकड्या वामवाल्यांनी या स्त्रीलिंगाचा खुलासा करून दाखवावा.

बंगालकडे गेलं की उरलीसुरली शंकाही संपते. तिथे या माशाला 'बाइम' म्हणतात, ओडिशा आणि आसामात 'बामी', हिंदीत 'बाम'. बंगालीत डाव्या बाजूला 'बाम' म्हणतात, पण माशाच्या नावात मधे 'इ' आहे. ती वर्मिच्या शेपटीची 'इ', फक्त जागा बदलून आत शिरलेली.

आता मला सगळ्यात प्रिय असलेला भाग. बाइम, बामी, बाम ही नावं ज्या माशाला आहेत तो नदीतला मासा आहे, आणि आपल्या भीमा-कृष्णा-गोदावरीच्या काठीही त्याला वामच म्हणतात. हा मासा हातात धरून पाहिलेल्या माणसाला त्याची पाठ विसरता येत नाही. अंग लांबट, पिवळसर तपकिरी, त्यावर गडद जाळीची नक्षी; तोंडाच्या टोकाला मांसल सोंडेसारखा छोटा अवयव आणि त्याच्या दोन बाजूंना नळीसारख्या नाकपुड्या. पाठीच्या कण्यावर सुटे सुटे तीसहून जास्त काटे असतात. एरवी ते खाचेत निजलेले असतात, बोट फिरवलं तर खडबड जाणवते इतकंच. मुठीत आवळला की मासा मागच्या मागे निसटायला बघतो आणि ते काटे उभे राहतात. १८०० साली लासेपेद या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने त्याचं नामकरण केलं. आजचं पूर्ण नाव मास्टासेंबेलस आर्मेटस. आर्मेटस म्हणजे सशस्त्र, शस्त्रसज्ज.

आणि संस्कृतात 'वर्म' म्हणजे चिलखत. वर्मिन् म्हणजे चिलखत घातलेला.

माझं मत स्पष्ट आहे: वर्मि हे नाव या काट्यांवरून पडलं. लढाईला निघालेल्या माणसासारखी ज्याची पाठ तयार असते तो वर्मि. गंगेकाठच्या कुणा मासेमाराला जे दिसलं तेच पुढे पॅरिसमध्ये बसलेल्या लासेपेदला दिसलं, आणि दोघांनी जवळपास एकाच अर्थाचं नाव दिलं. यावर 'मासा आणि चिलखत यांचा संबंध जोडणारा जुना ग्रंथ दाखवा' असा आक्षेप घेतात. असा ग्रंथ मला माहीत नाही. पण वर्मिचं याहून चांगलं मूळ आक्षेप घेणाऱ्यांपैकी कुणी आजवर सुचवलेलंही नाही. माशाकडे न बघता माशाच्या नावावर वाद घालणाऱ्या कोशपंडितांचं मी फारसं मनावर घेत नाही.

जपानी 'हामो' आणि आपली 'वाम' एकाच मुळातून आल्या, असंही कुणीतरी मोठ्या हौसेने मांडत असतं. हामो म्हणजे समुद्री वामीची सख्खी बहीण. क्योतोच्या गिओन उत्सवात तिला मोठा मान आहे आणि तिचे बारीक काटे मोडण्यासाठी मांसाला कातडीपर्यंत चिरा देत जाण्याची कला तिथले आचारी वर्षानुवर्षं शिकतात. मासा सारखा, उच्चार थोडा सारखा, इथेच गोष्ट संपते. आपली वाम नदीतून, वर्मिमधून आली हे एकदा कळलं की जपानला जायची गरज उरत नाही.

मग मुंबई-रत्नागिरीच्या बाजारातली वाम कोण? ती वेगळीच. काँग्रेसॉक्स टॅलाबोनॉइडेस, अडीच मीटरपर्यंत वाढणारी, गाळाच्या तळाशी राहणारी. अंगावर एक खवला नाही, पाठीवर एक काटा नाही. पाठीचा पर खालच्या पराला शेपटीभोवती जाऊन मिळतो. कोळीण कोयत्याने डोकं वेगळं करते तेव्हा तोंडाच्या आत बघा. पुढे सुळे आहेतच, पण टाळूच्या मधोमध टोकदार दातांची आणखी एक ओळ उभी आहे. बोटीवर जिवंत वामीपासून हात लांब ठेवतात तो याच जबड्यामुळे. शेपटीकडच्या तुकड्यांत बारीक काटे जास्त, म्हणून जाणती गिऱ्हाइकं मधल्या तुकड्या मागतात. पोटातल्या हवेच्या पिशवीला, बोताला, वेगळा भाव मिळतो. हिला वर्मि म्हणावं असं हिच्या अंगावर काहीच नाही. नदीतल्या माशाचं नाव किनाऱ्यावर येऊन आकारसाधर्म्याने हिला मिळालं. सुश्रुताने वर्मिला सामुद्रांत घातलेलं नाही, हे इथे लक्षात घ्या.

गंमत अशी की शास्त्राच्या हिशेबाने ही समुद्री वामच खरी ईल आहे आणि नदीतली वाम ईल नाहीच. नदीतली ही दलदलीतल्या काही लांबट माशांची नातेवाईक, पर्च-गुरामींच्या मोठ्या गोतावळ्यातली. खऱ्या ईलांचा गण अँग्विलिफॉर्मिस. लॅटिनमध्ये अँग्विस म्हणजे साप. त्यांची खूण बाहेरच्या आकारात नाही, पिल्लांत आहे. पिल्लू पानासारखं चपटं, काचेसारखं पारदर्शक असतं आणि आईबापांसारखं अजिबात दिसत नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी त्याला वेगळाच मासा समजून लेप्टोसेफॅलस, 'बारीक डोक्याचा', असं वेगळं नाव दिलं होतं. १८८६ साली फ्रान्सच्या किनाऱ्यावर रॉस्कॉफ इथे दलाज या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने असं एक पिल्लू पाळलं आणि त्याची काँगर ईल झालेली पाहिली. १८९६ साली ग्रासी आणि कालांद्रुच्चो या इटालियन जोडीने युरोपातल्या नदीतल्या ईलचं तसंच दाखवून दिलं. टार्पन या रुंद चंदेरी माशाचं पिल्लूही असंच पानासारखं असतं, म्हणून टार्पन ईलचा भाऊबंद ठरतो, आणि सापासारखे दिसणारे कितीतरी मासे तिच्या घरात बसत नाहीत.

आपल्या नद्यांतही एक खरी ईल आहे, अँग्विला बेंगालेन्सिस. ती अंडी घालायला समुद्रात जाते. तिला मराठीत अहीर म्हणतात. म्हणजे काट्यांची ती वाम आणि बिनकाट्यांची ती अहीर, हा फरक नदीकाठच्या लोकांनी ओळखला होता. अहीरमध्ये मला 'अहि', साप, दिसतो. ग्रीक 'ओफिस' हा त्याच अहिचा सख्खा भाऊ, आणि स्नेक ईलांच्या कुळाचं ऑफिक्थिडी हे नाव त्या ओफिसवरूनच आलं आहे.

'म्हणजे वाम हा सापच ना' असं म्हणून ताट बाजूला सारणाऱ्यांसाठी एवढंच: समुद्री सापाला खवले असतात आणि श्वासासाठी त्याला पाण्याबाहेर नाक काढावं लागतं. वामीला कल्ले आहेत, कल्ल्यांमागे दोन पर आहेत. पॅट्रिक रसेलला साप कळत होते. १७९६ साली त्याने भारतातल्या सापांवर ग्रंथ काढला, घोणसीच्या शास्त्रीय नावात आजही तोच आहे. त्याच रसेलने १८०३ साली विशाखापट्टणमच्या २०० माशांचं पुस्तक काढलं तेव्हा वामीच्या जातभाईला तिथल्या 'तालाबोन' या नावासकट माशांत ठेवलं. वर आलेल्या टॅलाबोनॉइडेस नावात तोच तालाबोन आहे, 'तालाबोनसारखी' या अर्थाने.

तर यादी. मोरे ईल आणि स्नेक ईल दोन्ही खऱ्या ईल आहेत, तिथे वाम चालेल. स्नेक ईल टणक टोकदार शेपटीने वाळू उकरून मागच्या बाजूने आत शिरते, ते दृश्य असेल तर 'सर्पवाम' लिहा, 'सर्पमीन' नको. तो शब्द बाजारात कुणी उच्चारलेला नाही. कस्क ईलला वाम म्हणू नका. तिचे पोटाकडचे पर हनुवटीखाली दोऱ्यांसारखे लोंबतात, आणि ईलांच्या गणाशी तिचं नातं नाही. या कुळातला एक मासा १९७० साली पोर्तो रिको गर्तेत ८,३७० मीटर खोलीवरून जाळ्यात आला होता. माहितीपटात गर्तेचा उल्लेख असेल तर बहुधा तोच असेल. साधं 'कस्क मासा' लिहा. ईलपाउटही ईल नाही. उत्तर युरोपातली एक जात जिवंत पिल्लं देते, आणि ती ईलसारखी दिसतात म्हणून जर्मन लोक त्या माशाला आलमुटर, 'ईलची आई', म्हणत आले. इलेक्ट्रिक ईल दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांतली, मांगूर-शिंगाळ्यांच्या जवळची. समुद्रतळावरच्या माहितीपटात ती कशाला आली आहे ते निर्मात्यांना विचारा, आणि उपशीर्षकात 'विजेचा मासा' लिहा.

आणि वाम लिहाल तिथे लिंग सांभाळा. 'वाम बाहेर आला' नको, 'वाम बाहेर आली'. अनेकवचन वामी, जसं 'गाठ'चं 'गाठी'. आणि विभक्ती लावताना वामीला, वामीचं.