पर्यावरणावर शोधपत्रकारिता करायला सायन्सची डिग्री लागतेच का?

तुम्ही विचारलंय की बीए केलंय, सायन्स दहावीनंतर सुटलं, तरी पर्यावरण-विज्ञानाचा शोधपत्रकार होता येईल का. येईल. मी हेच काम करतो आणि हा प्रश्न आला की भोपाळचे पत्रकार राजकुमार केसवानींचं नाव घेतो.

डिसेंबर 1981 मध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यात फॉस्जीन हा विषारी वायू गळून त्यांच्या ओळखीचा कामगार मोहम्मद अशरफ गेला. केसवानी काही केमिस्ट नव्हते, पण फॉस्जीन म्हणजे काय, तो हवेपेक्षा जड म्हणजे जमिनीलगतच पसरणार आणि कारखान्याला तर वस्ती चिकटलेली, हे सगळं ते वाचून वाचून शिकले, कामगारांशी बोलत राहिले, कंपनीच्याच अमेरिकन तज्ज्ञांनी मे 1982 मध्ये केलेल्या सुरक्षा तपासणीचा रिपोर्ट त्यांनी मिळवला. मग सप्टेंबर-ऑक्टोबर 1982 ला ‘रपट’ या त्यांच्या छोट्याशा साप्ताहिकात एकामागून एक लेख. कुणी हललं नाही. जून 1984 ला ‘जनसत्ता’ या हिंदी दैनिकात परत लिहिलं, तरी तेच, आणि डिसेंबरमध्ये भोपाळ वायुदुर्घटनेच्या त्या रात्री काय झालं ते आपल्याला माहितीच आहे. मला आजही याचा राग येतो. या कामात यायच्या आधी तुम्हीही एवढं मनाशी पक्कं करा, की सगळं बरोबर लिहूनही कुणी ऐकणार नाही असं होतं, आणि तरी परत लिहावं लागतं.

पैशाचं सांगायचं तर नुसत्या फ्रीलान्सवर सुरुवातीला घर चालत नाही, भाषांतर वगैरे काहीतरी जोडीला ठेवा.

डिग्रीपेक्षा कागद वाचायची सवय लावा. आपल्याकडे प्रकल्पाची जनसुनावणी असली की पेपरात किमान 30 दिवस आधी नोटीस येते, ईआयए रिपोर्टचा, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याच्या अहवालाचा, मराठी सारांश मिळतो, तो घेऊन थेट त्या गावात जा आणि ओढा, विहिरी, शेती जसं लिहिलंय तसं आहे का ते लोकांना विचारा, कारण कितीतरी बातम्या तिथेच सापडतात. माहिती अधिकाराचा अर्ज महाराष्ट्रात 150 शब्दांत आणि एकाच विषयावर बसवावा लागतो, त्यामुळे ‘सगळी माहिती द्या’ असं मोघम लिहू नका, नेमका कागद मागा. पहिला अर्ज जवळच्या एखाद्या जनसुनावणीच्या इतिवृत्तासाठीच टाका, आणि लोक काय बोलले, त्यातलं कागदावर किती उतरलं, ते ताडून बघा.