‘गुप्तांग’, ‘शूची जागा’ की आणखी काही?

नवी मुंबईत घणसोलीतल्या बालवाडीच्या एका ताईंनी विचारलंय: चार-पाच वर्षांच्या मुलांना नकोसा स्पर्श समजावून सांगताना ‘गुप्तांग’ म्हणावं, ‘खासगी अवयव’ म्हणावं, की पालक म्हणतात तसं ‘शूची जागा’ चालेल?

ताई, तिन्ही नकोत. तिथे कुणी हात लावला तर लपवू नका, असं मुलांना सांगायचं आणि शब्द द्यायचा ‘गुप्त’, हे जुळत नाही. ‘खासगी’ त्यांनी ऐकलाच असेल तर खासगी बस, खासगी क्लास असा. सगळ्यांत धोक्याची ‘शूची जागा’, कारण ती ऐकणाऱ्याला कळल्यासारखी वाटते. मूल म्हणालं, ‘दादाने शूच्या जागी हात लावला’, तर समोरच्या बाईंच्या डोळ्यांपुढे मोरी येते, आणि ‘बरं, हात धू’ म्हणून विषय संपतो. घरातली लाडाची नावं, कुठे नुनी, कुठे चिमणी, तीही उंबऱ्याबाहेर कळत नाहीत. मुलाच्या तोंडचा शब्द परक्या माणसाला पहिल्याच खेपेला कळला पाहिजे, एवढंच बघा.

म्हणून नाक, कोपर, गुडघा शिकवताना त्याच ओघात छाती, ढुंगण, लिंग, योनी हेही शब्द घ्या. ‘शिश्न’ जास्त नेमका आहे, पण ते जोडाक्षर या वयात जिभेवर बसत नाही. ‘योनी’ खरं तर आतल्या भागाचं नाव, तरी रोजच्या बोलण्यात बाहेरच्या भागालाही चालतं. ‘ढुंगण’ असभ्य वाटतं म्हणून गाळू नका. शिकवताना तुमचा आवाज खाली गेला, तर मूल शब्दाबरोबर लाजही उचलतं. ‘शेम शेम’ने तेच होतं. पालकांना आधी बोलावून सांगा, की घरातला शब्द राहू दे, त्याच्या जोडीला हा असू दे.

मला मात्र अवयवांच्या नावांपेक्षा ‘काका’ या शब्दाची काळजी जास्त वाटते. आपल्याकडच्या सोसायट्यांत वॉचमन काका, व्हॅनवाले काका, लिफ्ट दुरुस्त करायला येणारे काका आणि बाबांचा भाऊही काकाच. त्यात आपलं आदरार्थी बहुवचन. ‘काकांनी मला धरलं, मग त्यांनी दार लावलं’ यात माणूस एक की अनेक, हे वाक्यावरून कळायला मार्गच नाही. तेव्हा ‘कोणते काका?’, ‘तिथे किती जण होते?’ एवढंच शांतपणे विचारा. ‘व्हॅनवाले काका का?’ असं विचारू नका. मोठ्यांनी नाव पुढे केलं की या वयाचं मूल सहज मान डोलावतं.

घणसोलीत आणखी एक पेच आहे. आगरी घरातलं मूल ‘मना’ म्हणतं तेव्हा त्याचा अर्थ ‘मला’. अहिराणी घरातलं मूल ‘मना’ म्हणतं तेव्हा ‘माझा’. तुम्ही ते प्रमाण मराठीत ‘सुधारून’ लिहिलंत की अर्थ फिरू शकतो. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या 2012च्या पॉक्सो कायद्याचं कलम 26 जबाबाबद्दल हेच सांगतं: मूल बोललं तसंच नोंदवायचं. दुभाष्याची तरतूदही या कायद्यात आहे. तुमची नोंद हा काही जबाब नव्हे, पण शिस्त तीच ठेवा. मुलाचं वाक्य अवतरणचिन्हांत, त्याआधी तुम्ही विचारलेला प्रश्न, तारीख, वेळ, आणि खाली सही. ‘अतिप्रसंग’, ‘गैरवर्तन’ असे शब्द त्यात घालू नका. त्यातून नेमकं काय घडलं ते पुसलं जातं.

एकदा लिहून झालं की खात्री करून घ्यायला पुन्हा पुन्हा विचारू नका. दर खेपेला मुलाचे शब्द बदलत जातात, आणि पुढे त्याच फरकांवर बोट ठेवलं जातं. नुसता संशय असला तरी कलम 19प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 1098 ही चाइल्ड हेल्पलाइन दिवसरात्र चालू असते.