प्रश्न मुलाचा, खंत वडिलांची

महोदय,

एका अनुदानित महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात आपण 19 वर्षे प्रयोगशाळा परिचर आहात, मुलाला बारावीत 61 टक्के गुण मिळाले असून त्याला बी.एस्सी. करायचे आहे आणि आपण मात्र त्याला आत्तापासूनच स्पर्धा परीक्षेच्या क्लासला घालणार आहात, असे आपण कळवले आहे. राज्यसेवेला कोणत्याही शाखेची पदवी चालते, त्याला बी.एस्सी. करू द्यावे. त्याच्याबाबत इतकेच.

काळजी वाटली ती ‘माझ्यासारखे जन्मभर काचसामान विसळत बसू नये’ या आपल्या वाक्याची. पत्रात ते तीनदा आले आहे. घरात मुलाच्या कानावर ते किती वेळा पडत असेल! ज्या विषयाची त्याला गोडी आहे, त्याच विषयाच्या प्रयोगशाळेत वडिलांचा पाणउतारा होतो, एवढेच त्याला त्यातून कळते. वास्तविक याच पत्रात आपण ओघाने लिहिले आहे की, टायट्रेशनची द्रावणे आपण तयार करता, गळक्या ब्युरेटच्या तोटीला ग्रीस लावून ती चालती करता आणि तीव्र सल्फ्युरिक आम्लात पाणी ओतायला निघालेल्या विद्यार्थ्याचा हात आपणच धरला होता. हे सारे आपल्याकडून करून घेऊन वर ‘ए, बाटल्या आण’ म्हणणाऱ्या प्राध्यापकांनाच लाज वाटायला हवी.

‘वेळीच पदवी घेतली असती तर बढती मिळाली असती’ हा मात्र आपला गैरसमज आहे. पदोन्नतीसाठी अर्हतेबरोबरच सेवाज्येष्ठता, बिंदुनामावली (आरक्षणानुसार ठरलेला पदांचा क्रम) आणि मुख्य म्हणजे मंजूर पद रिक्त असणे या गोष्टी लागतात. बढती न मिळालेल्यांना ठरावीक सेवेनंतर लागू होणाऱ्या आश्वासित प्रगती योजनेने वेतन वाढते, पद आणि काम तेच राहते. तेव्हा निव्वळ बढतीवर डोळा ठेवून शिकू नये, पण शिकावे जरूर. आपण बारावी उत्तीर्ण असल्याने नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात नोकरी सांभाळून पदवी घेता येईल. प्राचार्यांची लेखी पूर्वपरवानगी घ्यावी आणि निकालानंतर सेवापुस्तकात नोंद करवून घ्यावी.

त्याआधी रसायनांची सुरक्षित हाताळणी व साठा व्यवस्थापन यांच्या प्रशिक्षणासाठी अर्ज करावा. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’ या संस्थेच्या सात निकषांच्या पद्धतीत सहाव्या निकषाखाली शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचीही विचारणा होत आली आहे, त्यामुळे तसा उल्लेख केलेला अर्ज प्राचार्यांना सहसा बाजूला सारता येत नाही. अर्जाची पोच घ्यावी, आणि क्लासचा पहिला हप्ता अद्याप भरला नसेल, तर तूर्त भरू नये.