दिवसाला ४०० किलोमीटर बाइक चालवली की मान आखडते आणि उजव्या हाताला मुंग्या येतात. मानेचा पट्टा घ्यावा का?

पट्टा घेऊ नका. गाडी चालवताना तर अजिबात नको. पट्टा बांधला की मान वळवून मागून येणारी गाडी बघता येत नाही. हेल्मेटची खालची कड पट्ट्यावर टेकून डोकं सतत थोडं वर ढकललं जातं ते वेगळंच. शिवाय मान दुखते म्हणून दोष मानेतच असतो असं नाही. तुम्ही लिहिलंय की दोन्ही फऱ्यांच्या मधे आग होते, उजव्या हाताची बोटं बधिर होतात, पाठीवर भरलेली बॅग असते आणि गाडीला पुढे काच लावलेली आहे. एवढ्यावरून मी तरी आधी वारा, मग हँडल आणि मग सीट तपासेन, त्याच क्रमाने. एका वेळी एकच बदल करा आणि ४०-५० किलोमीटर चालवून बघा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

आधी वारा. डोक्याचं वजन साधारण साडेचार-पाच किलो, त्यावर हेल्मेटचं सव्वा ते पावणेदोन किलो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी ८० वरून १०० वर गेलात की तो दीडपटीहून जास्त होतो. पण सलग, एकसारखा येणारा वारा मान बऱ्यापैकी सोसते. तिला थकवतो तो फडफडणारा वारा. पुढच्या काचेच्या वरच्या कडेवरून सुटलेल्या हवेत भोवरे तयार होतात आणि ते नेमके हेल्मेटवर आदळले की डोकं सारखं थरथरतं. ते स्थिर ठेवायला मानेचे स्नायू दिवसभर ताणलेले राहतात. संध्याकाळी जे आखडणं जाणवतं त्यात या थरथरीचा वाटा मोठा असतो.

तुमच्या काचेचा दोष ओळखायला मोकळा, सरळ रस्ता बघा. ८० च्या आसपास वेग ठेवून फूटरेस्टवर जोर देऊन १०-१२ सेंटिमीटर वर उठा. आवाज आणि थरथर एकदम कमी झाली तर तुमचं डोकं भोवऱ्यांत सापडतंय. काच थोडी बुटकी हवी किंवा नकोच. आता तेवढंच खाली वाकून बघा. तिथे शांत वाटलं तर काच उंच हवी. उंच म्हणजे किती? वरची कड साधारण नाकाच्या रेषेत यावी आणि रस्ता काचेतून नाही, काचेवरून दिसावा. दोन्हीकडे फरक पडला नाही तर काचेचा कोन बदला, आणि तिच्या खालच्या बाजूने हवा आत यायला दोन-तीन सेंटिमीटर फट ठेवा. काचेमागे दाब कमी झालेला असतो, तो भरून काढायला वरची हवा तुमच्या डोक्यावर कोसळते. खालून हवा मिळाली की हे बरंच कमी होतं.

हेल्मेट सैल असेल तर वरची सगळी मेहनत वाया जाते. हनुवटीखालचा पट्टा लावून हेल्मेट दोन्ही हातांनी डावीउजवीकडे फिरवा. गालाची कातडी हेल्मेटबरोबर ओढली गेली पाहिजे. हेल्मेट गालावरून घसरत असेल तर जाड गालपॅड बसवा किंवा एक साइज लहान घ्या. डोक्यावर पुढे चोचीसारखी टोपी असलेलं हेल्मेट असेल तर हायवेवर ती टोपी काढून ठेवा. आजूबाजूला बघताना वारा तिला पकडतो आणि मान मुरगळल्यासारखी होते. जॅकेटची कॉलर हेल्मेटला मागून टेकते का तेही बघा. टेकत असेल तर डोकं दिवसभर पुढे ढकललं जातं. आणि चष्मा लावत असाल तर तो नाकावरून घसरतो का पाहा. घसरलेल्या चष्म्यातून बघायला माणूस नकळत हनुवटी वर करतो, आणि मान मागे मोडून चारशे किलोमीटर काढणं सोपं नाही.

कानात फोमचे बोळे घालायची सवय लावा, जिथे नियमाने चालतं तिथे. हायवेच्या वेगात हेल्मेटमधला वाऱ्याचा आवाज ९० डेसिबलच्या वर जातो. सतत आवाज सोसताना माणूस जबडा आवळतो, खांदे वर घेतो. हॉर्न आणि सायरन बोळे घालूनही ऐकू येतात.

आता हँडल, म्हणजे तुमच्या मुंग्यांचं प्रकरण. गाडी मधल्या स्टँडवर घ्या, सीटवर नेहमीसारखे बसा, डोळे मिटा आणि कोपर थोडे वाकवून हात पुढे आणा. हात आपणहून थांबतील तिथे डोळे उघडा. मुठी ग्रिपच्या मागे, तुमच्याकडे राहिल्या असतील तर हँडल लांब पडतंय. लांब हँडल धरायला कोपर सरळ होतात, खांदे पुढे ओढले जातात आणि फऱ्यांच्या मधला भाग ताणलेलाच राहतो. तुमची आग बहुधा इथली आहे.

हँडल जवळ आणायला नवीन काही विकत घ्यावं लागत नाही. हँडल जिथे पकडलंय तिथे नळीवर आणि क्लॅम्पवर मार्करने एक सरळ रेघ मारा, म्हणजे बिनसलं तर परत मूळ जागी आणता येईल. क्लॅम्पचे चार बोल्ट ॲलन कीने सैल करा, काढू नका. हँडल तुमच्याकडे फिरवा, पण मारलेल्या रेघा एकमेकींपासून ३-४ मिलिमीटरहून जास्त सरकू देऊ नका. एवढ्यानेही ग्रिप बऱ्याच जवळ येतात. बोल्ट आलटून पालटून, गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या जोराने आणि त्यात सांगितलेल्या क्रमाने आवळा. क्लॅम्पमध्ये पुढे किंवा मागे जी फट सोडायला सांगितलेली असते ती तशीच राहिली पाहिजे. मग इंजिन न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवा. वळवताना इंजिनचा आवाज वाढला तर ॲक्सिलरेटरची केबल ताणली जातेय, त्या अवस्थेत गाडी रस्त्यावर काढू नका. ब्रेकचा पाइप ताणला जातो का आणि हँडल टाकीला लागतं का तेही तेव्हाच बघून घ्या. हँडल उंच करणारे रायझर घेणार असाल तर हीच तपासणी जास्त काटेकोरपणे करा, कारण उंची जेवढी जास्त तेवढी केबल कमी पडते.

हँडल फिरवलं की लिव्हरही फिरतात, म्हणून ते नव्याने लावावे लागतात. सीटवर बसून बोटं ब्रेक लिव्हरवर ठेवा. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत हात एका रेषेत हवा. मनगट वर मोडलेलं दिसत असेल तर लिव्हरचा क्लॅम्प सैल करून लिव्हर थोडा खाली फिरवा. ब्रेकच्या बाजूला ऑइलची कुपी असते. ती फार तिरकी होत नाही आणि ऑइल खुणेखाली जात नाही हे बघा.

मुंग्या कोणत्या बोटांना येतात ते नीट आठवा. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट असेल तर मनगट वाकल्याने मधली नस दाबली जात असते. त्यावर लिव्हर खाली घेणं आणि मूठ सैल करणं हा उपाय. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट असेल तर तळहाताच्या बाहेरच्या कडेवर भार पडतोय किंवा कोपर फार दुमडलेला राहतोय. त्यावर भार हातांवरून काढणं हाच उपाय. ॲक्सिलरेटर मुठीत सरळ न धरता दाराचा गोल मुठवाला खटका फिरवताना धरतो तसा तिरपा धरा. मनगट खाली पडत नाही. ग्रिपवर लावायची, तळहाताने ॲक्सिलरेटर धरून ठेवायची प्लास्टिक पट्टी लांब सरळ रस्त्यावर चांगली, पण गर्दीत ब्रेक मारताना तिच्यावर हात पडून ॲक्सिलरेटर वाढू शकतो. गावात शिरण्याआधी ती खाली फिरवून ठेवा.

सगळ्या बोटांत झिणझिण्या असतील तर कंपनांचा संशय घ्या. इंजिन माउंटिंगचे बोल्ट, हँडलच्या टोकांची वजनं, चेनचा ढिलेपणा (बऱ्याच गाड्यांत २५-३५ मिलिमीटर, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये) आणि चाकांचं बॅलन्सिंग तपासून घ्या. प्रत्येक इंजिनचा एक आरपीएम असतो जिथे ते सर्वात जास्त थरथरतं. तुमचा नेहमीचा वेग नेमका तिथे येत असेल तर ताशी पाच-सात किलोमीटर कमी-जास्त करून बघा.

आता सीट. हातांवर भार येतो तो बऱ्याचदा सीटमुळेच. अनेक सीट पुढे, टाकीकडे उतरत्या असतात. प्रत्येक ब्रेकला तुम्ही पुढे घसरता आणि हातांनी स्वतःला मागे रेटता. तो रेटा मनगटातून खांद्यात आणि खांद्यातून मानेत जातो. सीट काढून तिच्या बुडाला पुढच्या बाजूचे रबरी पाय बघा. त्यांच्याखाली ५-६ मिलिमीटर जाडीचे रबर वायसर घातले की उतार कमी होतो. सीट परत बसवल्यावर पुढची जीभ तिच्या खाचेत गेली आणि मागचं लॉक पक्कं लागलं याची ओढून खात्री करा. जीभ खाचेत जात नसेल तर वायसर पातळ करा.

बसताना वाकायचं ते कमरेतून नाही, खुब्यातून. पाठीचा खालचा भाग गोल झाला की फरे पुढे जातात आणि समोर बघायला मान मागे मोडावी लागते. गुडघ्यांनी टाकी हलकी धरा, पोट किंचित आवळलेलं ठेवा, कोपर वाकलेले. ग्रिप सोडून बोटं पियानोसारखी हलवता आली पाहिजेत. येत नसतील तर तुम्ही हँडलला लटकलेले आहात.

मऊ सीट आरामाची असते हा गैरसमज आहे. मऊ फोम तासाभरात बसतो आणि बुडाची दोन हाडं खालच्या प्लास्टिकपर्यंत पोचतात. घट्ट, पण रुंद सीट जास्त टिकते. हवेची गादी वापरणार असाल तर ती गच्च फुगवू नका. आधी भरा, वर बसा, मग हवा सोडत जा. बूड आणि सीट यांच्यात बोटभर अंतर उरलं की थांबा. फुगलेल्या गादीवर माणूस डुलतो, आणि तोल सांभाळायला पुन्हा पाठ राबते. जाड शिवणीची अंतर्वस्त्रं आणि जीन्स टाळा.

मागच्या शॉकअपच्या बाबतीत एवढंच, की सामान लादलं तर प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा आधीचा ताण, एक-दोन खाचा वाढवा. वाढवला नाही तर खड्ड्यात शॉकअप तळाला टेकतं आणि तो दणका थेट कंबरेत बसतो.

पाठीवरची बॅग सीटवर बांधा. यावर मी दुसरा पर्याय सांगणार नाही. पाच-सहा किलो वजन दिवसभर खांद्यावरच्या पट्ट्यांनी ओढलं जातं तेव्हा मानेला पुढे झुकून त्याचा तोल सांभाळावा लागतो. टाळताच येत नसेल तर पट्टे एवढे सैल करा की बॅगेचं बूड सीटवर टेकेल.

दर तासा-सव्वा तासाने थांबा, दुखायला लागण्याआधी. दहा मिनिटं पुरतात. हेल्मेट काढा, थोडं पाणी प्या, चालत फिरा. हनुवटी न झुकवता सरळ मागे घ्या, जणू दुहेरी हनुवटी करताय, पाच सेकंद धरा, दहा वेळा. फरे एकमेकांकडे आवळा, तेही दहा वेळा. एक पाय पुढे, एक मागे ठेवून मागच्या पायाच्या जांघेचा पुढचा भाग ३० सेकंद ताणा, कारण तासभर दुमडून तो आखडतो आणि कंबर ओढतो. मान गोल गोल गरागरा फिरवू नका. थकलेल्या सांध्यांना त्याने चिमटा बसतो. चालत्या गाडीवर दर १५-२० मिनिटांनी रस्ता मोकळा बघून अर्धा मिनिट फूटरेस्टवर उभे राहा.

प्रवासाआधी चार-सहा आठवडे हाताशी असतील तर मान थोडी तयार करा. तळहात कपाळावर ठेवून डोकं पुढे रेटा आणि हाताने अडवा, डोकं हलू न देता दहा सेकंद. असंच मागून आणि दोन्ही बाजूंनी, प्रत्येकी पाच वेळा, एक दिवसाआड. जोडीला प्लँक आणि फरे मागे ओढणारा कुठलाही व्यायाम. जोर निम्माच लावा. पहिल्याच दिवशी पूर्ण ताकद लावणारे मान धरून बसतात.

वेदनाशामक गोळी घेऊन पुढचे दोनशे किलोमीटर काढायचा विचार करू नका, आणि स्नायू सैल करणारी गोळी तर गाडीवर बसण्याआधी बिलकूल नको, कारण तिने झोप येते. मुंग्या गाडी सोडल्यावर काही तासांतही गेल्या नाहीत, वेदना मानेतून हातात उतरत असेल किंवा पकड कमजोर झाली असेल तर पुढचा प्रवास रद्द करून डॉक्टरांना दाखवा. जांघेमध्ये बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटल्यासारखा वाटला तर त्याच दिवशी, वाट न बघता हॉस्पिटल गाठा. हे सीट किंवा हँडलचं दुखणं नव्हे.