रोज प्रार्थना करूनही आशा वाटत नाही, ख्रिस्ती माणसाने काय करावं?

सलाम. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. रविवारी उपासनेला जाता, बायबल वाचता, पण सोमवार उजाडला की परत तेच ओझं आणि प्रार्थना म्हणजे नुसती तोंडाची वाफ दवडल्यासारखी वाटते, असं तुम्ही लिहिलंय.

मी पाळकबिळक नाही, थिऑलॉजी शिकलेली नाही. मूळची नगरकडची, लग्न होऊन पुण्यात आले. आमच्या ह्यांचं डायलिसिस सुरू होऊन आता चार वर्षं होतील, आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास, जाणं-येणं वेगळं. त्यामुळे मला जे काय थोडंफार कळलंय ते डायलिसिस रूमच्या बाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसूनच कळलंय.

पहिलं वर्षभर माझी एकच प्रार्थना, किडनी बरी कर. एकदा डायलिसिसनंतरच्या रिपोर्टमधे क्रिएटिनिन (किडनी नीट चालत नसली की रक्तात साठतं ते) एकदम खाली आलं आणि मी तिथेच हालेलुया म्हणून रडायला लागले, तर तिथली नर्स बिचारी हळूच म्हणाली की ताई ते मशीनने खाली आलंय, परवापर्यंत परत चढेल. आता हसू येतं, तेव्हा नव्हतं आलं. त्यात मंडळीतली एक बाई घरी प्रार्थनेला येऊन सांगून गेली की तुमचा विश्वास कुठेतरी कमी पडतोय. मला अजून राग आहे त्या वाक्याचा, खरंच सांगते. आजारी माणसाच्या घरी जाऊन असं बोलणाऱ्याला आधी दोन रात्री हॉस्पिटलमधे बसवलं पाहिजे. मी दोन महिने चर्चला गेलेच नाही.

मग एक दिवस सासूबाई भाकरी थापत होत्या आणि मी ओट्याला टेकून पुढचं सगळं बोलत होते, पैसे कसे होणार, ट्रान्सप्लांट होईल का, मुलीचं कॉलेज. त्या थापता थापताच म्हणाल्या, "अगं प्रभूने रोजची भाकर आज दे एवढंच मागायला शिकवलंय, तू दहा वर्षांचं पीठ मागत बसलीस."

मी लहानपणापासून प्रभूची प्रार्थना पाठ म्हणतेय पण हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. आपल्या मराठी बायबलमधे भाकर म्हटलंय ते किती बरं झालं बघा, कारण भाकरी काय असते ते आपल्याला माहितीये, तव्यावरून उतरली की मऊ, दुसऱ्या दिवशी कडक, मग ती दुधात नाहीतर ताकात कुस्करायची. साठवायची गोष्टच नाही ती. रानात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवाने रोज दिलेलं अन्न, मिळायचा त्याचंही तसंच, बायबलमधल्या निर्गमच्या सोळाव्या अध्यायात आहे, ज्यांनी दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवला त्यात किडे पडले, फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायची परवानगी होती. मी आशा साठवायला बघत होते. एकदा भरपूर मिळाली की वर्षभर पुरेल असं. आता आजच्यापुरती मागते, आणि गंमत म्हणजे आजच्यापुरती बहुतेक वेळा निघते कुठून तरी. रिक्षावाला थांबून राहतो. ह्यांचं वजन फार वाढलेलं नसतं (अंगात पाणी साठून वाढतं ते, म्हणून पाणी मोजून प्यावं लागतं ना). कधी काहीच निघत नाही, तेही सांगते, उगाच गोड गोड कशाला लिहू.

तसल्या दिवसांसाठी एलीयाची गोष्ट वाचा, १ राजे, अध्याय १९. एवढा मोठा संदेष्टा, पण ईजबेल राणीच्या भीतीने रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि म्हणाला देवा आता पुरे झालं, माझा जीव घे. देवाने त्याला विश्वास कमी पडतोय असं सुनावलं नाही, लेक्चर दिलं नाही. झोपू दिलं. मग दूताने हात लावून उठवलं, ऊठ, खा, तर उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. खाऊन तो परत झोपला, आणि पुन्हा उठवून पुन्हा खायला घातलं! मोठं बोलणं नंतर, होरेब डोंगराला पोचल्यावर. म्हणून तुम्हाला खरंच विचारते, तुम्ही नीट झोपताय का, जेवताय का? कारण चार तास झोप झालेल्या माणसाला कुठलीच प्रार्थना लागत नाही. आणि हे ओझं सहा-सहा महिने उतरतच नसेल तर डॉक्टरला दाखवा, त्यात विश्वास सोडल्यासारखं काही नाही.

दुसरं म्हणजे देवाकडे तक्रार करा. आपल्याला वाटतं प्रार्थना म्हणजे सगळं उपकारस्तुतीचंच पाहिजे. स्तोत्र १३ बघा, सुरुवातच "कोठवर" अशी. आणि स्तोत्र ८८ तर शेवटपर्यंत अंधारातच संपतं, आशेची एक ओळसुद्धा शेवटी जोडलेली नाही, तरी ते पवित्र शास्त्रात ठेवलंय. मी हे खुर्चीवर बसून मोबाईलमधे वाचते तेव्हा मला हलकं वाटतं, कारण माझ्याहून वैतागलेला माणूस आधी होऊन गेलाय आणि देवाने त्याचं ऐकून घेतलंय.

नगरला माहेरी जाताना दौंडच्या आधी केडगाव स्टेशन लागतं (आमचं नगरमधलं केडगाव नाही, ते वेगळं). तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या वणवणीत गेले, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा गेला, आणि १९२१ मधे एकुलती एक मुलगी मनोरमाही गेली. तरी त्या हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल आणायचं काम करत राहिल्या, १९२२ च्या एप्रिलमधे स्वतः जाईपर्यंत. त्यांना आतून रोज काय वाटत असेल देव जाणे. पण रोज पुढचं पान तर होत होतं.

तुम्ही विचारलंय काय करावं, तर मी काय करते ते सांगते. सकाळी एकच वाक्य, आजची भाकर दे. रात्री झोपताना आज ती कुठून आली ते आठवते, नाही आठवली तर स्तोत्र ८८. लांबलचक प्रार्थना मला अजून जमत नाहीत. चर्चला परत जाते, मागच्या बाकावर बसते, गाणी लोक म्हणतात, मी बहुतेक वेळा नुसती ऐकते.

बाकी उद्या सकाळी डायलिसिसची सहाची शिफ्ट आहे, त्यामुळे आत्ता पीठ मळून फ्रिजमधे ठेवते, भाकरीचं नाही हं, पोळ्यांचं.