चित्रकला शून्य, पण गेम बनवायचाय: पिक्सल आर्टबद्दल वाचकांचे प्रश्न

पिक्सल आर्टमध्ये, म्हणजे स्क्रीनवरचा एकेक बारीक चौकोन भरून काढलेल्या चित्रांत, गेमसाठी स्प्राइट, म्हणजे हलणारी छोटी छोटी पात्रं, कशी काढायची यावर बरीच पत्रं आली. बरेच प्रश्न सारखेच होते म्हणून एकत्र करून पाच घेतलेत.

प्रश्न: दादा, मी अकरावीला आहे, कोडिंग थोडंफार जमतं पण चित्रकलेच्या नावाने बोंब आहे. हिरो काढायला घेतला, डिटेल नीट यावेत म्हणून 128 बाय 128 चा कॅनव्हास घेतला, पण चेहऱ्यावरच अडकलोय, पुढे सरकतच नाहीये. आधी ड्रॉइंगचा क्लास लावावा लागेल का?
(एक वाचक, कराड)

अरे, क्लास नंतर बघू, आधी कॅनव्हास लहान कर. 128 बाय 128 म्हणजे 16,384 पिक्सल होतात, आणि पिको-एट नावाचं छोटे गेम बनवायचं जे सॉफ्टवेअर आहे ना त्याची पूर्ण स्क्रीनच तेवढी असते, म्हणजे तू एका हिरोला जेवढी जागा दिलीस तेवढ्यात तिथे अख्खा गेम मावतो. 16 बाय 16 घे. 256 चौकोन. एका बैठकीत संपतं, आवडलं नाही तर फेकून दुसरं काढायला जिवावर येत नाही, आणि सुरुवातीला हेच सगळ्यात जास्त कामाचं आहे की भरपूर काढून संपवायचं.

मोठ्या कॅनव्हासवर तू चित्र काढायला बघतोस, छोट्यावर फक्त खूण करायची असते. मारिओचंच बघ. 1981 च्या डाँकी काँगमध्ये तो पहिल्यांदा आला तेव्हा त्याचा डिझायनर शिगेरू मियामोतोकडे इतके कमी पिक्सल होते की तोंड दाखवायला जागाच नव्हती, म्हणून मोठं नाक आणि त्याखाली मिशी. केस काढायचे आणि उडी मारताना ते हलवायचे ही कटकट नको म्हणून टोपी. हात अंगापासून वेगळे दिसावेत म्हणून वेगळ्या रंगाची डांगरी. आज जगभर ओळखला जाणारा चेहरा आहे तो, आणि त्यातली निम्मी डिझाइन जागा नव्हती म्हणून झालीये. तेव्हा तुझ्या हिरोला डोळ्यांच्या पापण्या पाहिजेत का हा प्रश्नच सोडून दे, त्याला लांबून ओळखायचं कशावरून ते ठरव. फेटा असेल, पाठीवर मोठी सॅक असेल, डोक्यापेक्षा मोठी छत्री असेल, काहीही चालेल पण एकच गोष्ट आणि ती जरा जास्तच मोठी. डोकं शरीराच्या निम्मं ठेवलं तरी चालतं, या साइजला ते विचित्र दिसत नाही उलट गोड दिसतं.

मग सगळा स्प्राइट एका काळ्या रंगाने भरून बघ. नुसत्या काळ्या आकारावरून कोण आहे, तोंड कुठे आहे हे कळलं तर पुढे जा, नाही कळलं तर रंग कितीही चांगले दिलेस तरी कळणार नाही.

रंगांचंही तसंच. निन्टेन्डोच्या एनईएस या जुन्या गेम कन्सोलवर एका स्प्राइट-तुकड्याला 3 रंग मिळायचे आणि चौथा म्हणजे पारदर्शक. तू पण पहिले काही स्प्राइट 3-4 रंगांतच कर. स्वतः रंग निवडत बसू नकोस, लोस्पेक नावाच्या साइटवर तयार पॅलेट, म्हणजे रंगांचे संच, फुकट मिळतात, पिको-एटची 16 रंगांची पॅलेट किंवा डॉनब्रिंगर 16 नावाची घे आणि महिनाभर बदलू नकोस. सावली देताना नवीन मंडळी हमखास एक करतात, कडेला गडद आणि मध्ये फिकट असं सगळीकडून गोल गोल, त्याने प्रत्येक गोष्ट उशी फुगल्यासारखी दिसते, म्हणून त्याला पिलो शेडिंगच म्हणतात. उजेड कुठून येतोय ते आधी ठरव, समजा वर डावीकडून, मग सावली खाली उजवीकडे, विषय संपला. आणि सावलीसाठी त्याच रंगात काळं मिसळू नकोस, रंगच थोडा सरकव, पिवळ्याची सावली केशरीकडे, हिरव्याची निळ्याकडे. चित्र लगेच जिवंत वाटायला लागतं.

आता खरं सांगायचं तर 32 बाय 32 च्या वर गेलास की ड्रॉइंग लागतंच, हातापायाचं माप, वजन कुठल्या पायावर आहे वगैरे. पण ते सोबत सोबत येतं. स्टारड्यू व्हॅली हा 2016 चा गेम एरिक बॅरोनने कोड, चित्रं, संगीत असं सगळं एकट्याने केला आणि त्यातली चित्रं त्याने पुन्हा पुन्हा काढली, पहिल्या फटक्यात आलेली नाहीत ती.

प्रश्न: मुलीला हे शिकायचंय. घरात जुना लॅपटॉप आहे, ड्रॉइंगचा टॅब्लेट नाही. महागडं सॉफ्टवेअर घ्यावं लागेल का?
(एक आई, नाशिक)

काही घेऊ नका ताई. पिस्केल नावाचं पिक्सल आर्टचं सॉफ्टवेअर ब्राउझरमध्येच चालतं आणि फुकट आहे, लिब्रेस्प्राइट पण फुकट. बहुतेक जण शेवटी एसप्राइटवर येतात, ते विकत आहे, पण त्याचा सोर्स कोड उघडा आहे आणि स्वतःपुरतं कम्पाइल करून, म्हणजे त्या कोडपासून सॉफ्टवेअर तयार करून, वापरायला परवानगी आहे, मुलगी कोडिंगवाली असेल तर तोही एक उद्योग होईल. टॅब्लेटची तर बिलकुल गरज नाही, एकेक चौकोन भरायला माउसच बरा. फक्त फाइल पीएनजीमध्ये सेव्ह करायला सांगा, जेपीजीमध्ये केली की कडांना घाणेरडे डाग पडतात आणि पारदर्शक भाग जातो. लाइट गेली तर आलेखाची वही आहेच. गंमत नाही करत, ॲपलच्या पहिल्या मॅकिन्टॉशचे 32 बाय 32 चे आयकॉन सुझन केअरने आधी ग्राफ पेपरवरच काढले होते.

प्रश्न: एडिटरमध्ये स्प्राइट कडक दिसतो, गेममध्ये टाकला की धुरकट! काय चुकतंय?
(पुणे, नागपूर, बेळगाव, सगळीकडून)

तुमचं काही चुकत नाहीये, इंजिन, म्हणजे गेम ज्या सॉफ्टवेअरवर बनतो ते, चित्र मोठं करताना शेजारचे रंग एकमेकांत मिसळतं. गोडो 4 हे इंजिन असेल तर प्रोजेक्ट सेटिंग्जमधला डिफॉल्ट टेक्श्चर फिल्टर निअरेस्ट करा. युनिटी इंजिनमध्ये इमेजवर क्लिक करून फिल्टर मोड पॉइंट आणि कॉम्प्रेशन नन.

एवढं करूनही काही पिक्सल जाडे, काही बारीक दिसले तर गेम पूर्णांकाच्या पटीत मोठा होत नाहीये. म्हणून बरेच जण 320 बाय 180 घेतात, सेलेस्ट नावाचा गेमसुद्धा त्याच साइजचा आहे. सहापट केलं की बरोबर 1920 बाय 1080. जुन्या लॅपटॉपची स्क्रीन 1366 बाय 768 असते, तिथे चारपट म्हणजे 1280 बाय 720 बसतं आणि बाजूला काळी पट्टी राहते. राहू द्या. पट्टी दिसलेली परवडली, ताणलेले पिक्सल नको. आणि एक हिरो दुप्पट मोठा केलेला, एक झाड आहे तसं, असं एकाच स्क्रीनवर करू नका, वेगवेगळ्या साइजचे पिक्सल शेजारी आले की कितीही सुंदर काम स्वस्त दिसतं. बघणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं.

प्रश्न: माझा हिरो चालत नाही, बर्फावरून घसरतो. किती फ्रेम लागतात?
(एक वाचक, ठाणे)

चार फ्रेम, म्हणजे एकामागून एक दाखवायची चार चित्रं, पुरतात हो. पाय फाकलेले, पाय जवळ, पुन्हा फाकलेले पण दुसरा पाय पुढे, पुन्हा जवळ. 1985 च्या सुपर मारिओ ब्रदर्समध्ये चालायच्या तर 3 च फ्रेम आहेत. पाय जवळ येतात त्या फ्रेमला अख्खं शरीर एक पिक्सल वर उचला, बहुतेकांचं हेच राहून जातं, डोकं एका रेषेत राहिलं की माणूस ट्रॉलीवर उभा असल्यासारखा वाटतो. प्रत्येक फ्रेमला 100 ते 150 मिलिसेकंद देऊन बघा. तरीही घसरत असेल तर चित्राचा दोष नाही, कोडमधला वेग आणि पावलाची लांबी जुळत नाहीये, चार फ्रेममध्ये पाय जेवढा पुढे पडतो तेवढंच पात्र पुढे गेलं पाहिजे. डावीकडे चालायला वेगळं काढू नका, आरसा करा. तलवार उजव्या हातातून डाव्या हातात जाईल, जाऊ द्या, जुन्या गेम्समध्ये सर्रास जायची.

प्रश्न: गेम मराठीत करायचाय. एबीसीडीचे पिक्सल फॉन्ट ढिगाने मिळतात, आपल्या अक्षरांचं काय?
(एक वाचक, मडगाव)

हा प्रश्न मला सगळ्यात आवडला. इंग्रजीची कॅपिटल अक्षरं 5 बाय 7 मध्ये मावतात. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, रफार आणि खाली उकार, त्यामुळे एका ओळीची उंची 14-16 पिक्सलच्या खाली आणली की 'ध' आणि 'घ' मध्ये फरकच उरत नाही. शिरोरेषा 1 पिक्सल, तिच्याखाली अक्षराला 7, वर 4, खाली 3, इथून सुरुवात करा. रुंदी प्रत्येक अक्षराची वेगळी ठेवा, 'र' आणि 'क्ष' एकाच मापात कोंबू नका.

पण काढणं हा सोपा भाग आहे. 'कि' टाइप करताना 'क' आधी येतो आणि वेलांटी दिसते मात्र त्याच्या अलीकडे, जोडाक्षरांचे नियम वेगळेच, आणि नुसत्या चित्रांच्या बिटमॅप फॉन्टमध्ये हे नियम साठवायची सोयच नसते. त्यामुळे संवाद भरपूर असतील तर पिक्सलच्या आकाराचा नीट टीटीएफ फॉन्ट, म्हणजे कॉम्प्युटरवर नेहमी वापरतो तशी फॉन्ट फाइल, बनवावा लागेल, आणि इंजिन गोडो 4 घ्या, गोडो 3 मध्ये देवनागरी तुटायची. तुमच्या गेममध्ये शब्दच वीस-पंचवीस असतील, सुरू करा, थांबा, गुण, हरलात वगैरे, तर फॉन्टच्या भानगडीत न पडता प्रत्येक शब्द सरळ स्प्राइट म्हणून काढा आणि स्कोअरसाठी ० ते ९ हे दहा आकडे वेगळे, ते 6 बाय 8 मध्ये आरामात बसतात.